‘घरच समजा’ म्हणणारे सरदारभाई

सरदारभाईंना मी कधी कुणाला ‘वेलकम’ म्हणताना ऐकलं नाही. पाहुणा दारात आला की ते काउंटरमागून बाहेर येत, त्याच्या हातातली बॅग घेत आणि म्हणत, "या. घरच समजा." माणूस जर्मनीचा असो की जालन्याचा, वाक्य तेच. जर्मन माणसाला ते कळायचं नाही, पण तोही हसायचा. मी सगळी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली आहे, गोड बोलणाऱ्यांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. यांच्यावर बसला.

हॉटेल माझ्या धाकट्या भावाचं. तो नाशकात स्थायिक झाला आणि देखरेख माझ्या गळ्यात टाकून गेला. देखरेख म्हणजे काय, तर सकाळी जायचं, अंगणातल्या तुतीच्या झाडाखाली खुर्ची टाकायची, चहा प्यायचा आणि कुठला नळ गळतोय का ते विचारायचं. त्या झाडावरूनच हॉटेलचं नाव ‘शहतूत’. आमच्या शहरातल्या लष्करी छावणीच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. वेरूळला निघालेले प्रवासी, कंपन्यांचे फिरते लोक, कोर्टाच्या तारखेला आलेले, लग्नाची वऱ्हाडं, असं आमचं गिऱ्हाईक. त्या सगळ्यांना सांभाळायचे ते सरदारभाई. मॅनेजर म्हणा, कारकून म्हणा, लिफ्ट बंद पडली तर हमाल म्हणा.

मूळचे देवगाव रंगारीचे. त्यांच्या वडिलांची रस्त्याला लागून बैठक होती. एस.टी. चुकलेला कुणीही तिथं रात्र काढायचा. घरचा दंडक असा, की आलेल्या माणसाचं जेवण होईपर्यंत त्याला नाव-गाव विचारायचं नाही. "नाव इचारलं की जात कळती, गाव कळतं, मग वाढणाराचा हात आखडतो, बाई," असं ते मला सांगत. मला हे फार आवडायचं. हॉटेलात मात्र आधार कार्ड घ्यावंच लागतं. ते घेताना सरदारभाई दर वेळी थोडे ओशाळायचे आणि म्हणायचे, "सरकारचा नियम आहे साहेब, माफ करा."

कॉम्प्युटर ते चाळिशी उलटल्यावर शिकले. कुणी बसवून शिकवलं नाही. मशीन बसवायला येणाऱ्या माणसांच्या खांद्यावरून बघून बघून शिकले. हॉटेलात वायफाय आलं तेव्हा त्यांना जो आनंद झाला, तो घरात पहिल्यांदा नळाचं पाणी आलेल्या बाईचा आनंद. त्यातून त्यांच्या डोक्यात एक सोय निघाली. पाहुण्याला तिकीट किंवा बोर्डिंग पास छापायचा असला की तो पेन ड्राइव्ह घेऊन पायऱ्या उतरून काउंटरवर यायचा. सरदारभाईंना ते बघवेना. "पाव्हण्यानं आपल्यामागं फिरायचं? बरं दिसतं का?" मग त्यांनी अशी व्यवस्था केली, की पाहुण्यानं खोलीत बसून बटण दाबायचं आणि कागद खाली काउंटरच्या प्रिंटरमधून निघायचा. कागद घेऊन सरदारभाई स्वतः वर जायचे. त्याची त्यांना भारी मौज वाटायची.

यासाठी ते प्रत्येक पाहुण्याचा लॅपटॉप मागून घेत आणि ‘सेटिंग’ करून देत. ते नेमकं काय करत हे इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

लॅपटॉप नव्या वायफायला जोडला की तो मालकाला विचारतो, हे तुमचं खासगी नेटवर्क आहे की सार्वजनिक? जुन्या लॅपटॉपवर तर सरळ लिहिलेलं असायचं: घर, ऑफिस, की बाहेरची जागा. सरदारभाईंनी तो प्रश्न पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथंच होते. ते माझ्याकडे वळून हसले.

"बघा बाई, मशीनसुद्धा इचारतंय, घर का परकं? आता काय सांगायचं ह्याला?"

आणि त्यांनी ‘घर’वर टिचकी मारली.

त्या दिवसापासून सगळ्यांना ‘घर’. नवे लॅपटॉप आपण होऊन प्रत्येक जागेला परकी समजू लागले, तर सरदारभाई आत जाऊन, शोधून, ‘खासगी’ करायचे. त्याशिवाय प्रिंटर ऐकायचा नाही. प्रिंटर तरीही कुरकुरला तर एकमेकांच्या फाइली बघायला जो पासवर्ड लागतो तोही ते बंद करून टाकायचे. कागद छापला जायचा, पाहुणा खूश व्हायचा. पण घर म्हटलं की लॅपटॉप दाराची कडी काढून ठेवतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्हाला वाटायचं, हा नुसता आदरातिथ्याचा प्रश्न आहे.

आता डॉक्टर मोनिकाबद्दल. ही पुण्याची मानसोपचार डॉक्टर. महिन्यातून एकदा दोन दिवसांसाठी यायची, एका ओळखीच्या दवाखान्यात पेशंट तपासायची, उतरायची आमच्याकडे. पोरगी कामाची. चेहऱ्यावर थकवा, पण बोलणं गोड. सरदारभाईंना ‘काका’ म्हणायची. तिच्यासाठी ते घरून डबा आणायचे. गुलशनभाभी म्हणजे त्यांची बायको, तिच्या हातची अंबाडीची भाजी आणि भाकरी. मोनिकाच्या खोलीची चादर ते स्वतः तपासायचे. तिचा लॅपटॉपही अर्थातच त्यांनीच ‘घरी’ जोडून दिला होता.

त्या लॅपटॉपवर पेशंटच्या नोंदी होत्या. पुण्याच्या दवाखान्यातल्या तिच्या मदतनीस मुलीला त्या तिच्या टेबलावरून दिसाव्यात म्हणून मोनिकानं ते एक फोल्डर मोकळं ठेवलेलं होतं. तिच्या दवाखान्यात ते ठीक होतं. तिथं ती आणि ती मुलगी, तिसरं कुणी नाही. इथं सरदारभाईंनी आमच्या सगळ्या खोल्यांना तिचं घर करून टाकलं होतं.

पुढचं घडलं तेव्हा संध्याकाळ होती आणि मी तिथं नव्हते. सोमनाथ म्हणून ठिबकचे पाइप विकणारा एक माणूस नेहमी आमच्याकडे उतरतो. त्यानं पुढच्या खेपेला मला जसं सांगितलं तसं लिहिते. हा सोमनाथ उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलत जिना उतरून काउंटरवर आला.

"सरदारभाई, वर कुणी डॉक्टरीणबाई उतरल्यात का?"

"व्हय. दवाखान्यात गेल्यात. का?"

"मी कोटेशन छापायला प्रिंटर शोधत होतो, तर हे निघालं."

त्यानं लॅपटॉप फिरवला. पडद्यावर फाइलींची रांग, आणि प्रत्येक फाइलीला एका माणसाचं नाव.

"एक उघडली मी," सोमनाथ म्हणाला. "आपलंच काहीतरी असंल असं वाटलं. दोन ओळी वाचल्या न् बंद केली. आईशप्पथ. पण लई खराब वाटायलं, भाई. कुणाची तरी बाथरूमची कडी उघडी निघावी तसं. म्हणून सांगायला आलो."

सरदारभाईंनी वाकून काउंटरखालच्या वायफायच्या डब्याची वायर उपटली. ती नुसती काढली नाही, उपटली. भिंतीचा गिलावा निघाला, तो अजून तसाच आहे. मग सोमनाथला म्हणाले, "तुमचं कोटेशन हातानं लिहून द्यावं लागंल का?" सोमनाथ म्हणे, मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

मोनिका दवाखान्यातून आली. "काका, नेट नाही का?"

"बिघडलंय, डॉक्टरसाहेब."

त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं किंवा ऐकून माहीत असलेलं हे पहिलं खोटं. पहाटेच्या गाडीनं ती पुण्याला गेली. डबा तिच्या हातात देतानाही त्यांनी झालेलं सांगितलं नाही.

मी सकाळी पोचले तर सरदारभाई काउंटरवर नव्हते. फाटकाजवळ वॉचमनच्या स्टुलावर बसले होते, जणू आत बसायचा हक्क गेला होता. वायफाय नाही म्हणून दोन पाहुणे कावलेले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "थांबा बाई, इंटरनेटवाली पोरगी येतेय. तिच्यासमोर सांगतो. दोनदा सांगणं नाय जमायचं."

ती मुलगी आली. सुलेखा नाव. खांद्याला सॅक, बोलणं फटकळ. मला एकदम पसंत पडली. तिनं वायफायचा डबा उघडला, आपल्या कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि भुवया चढवल्या.

"काका, हे कुणी केलंय? इथं तर सगळ्या खोल्यांची मशीनं एकमेकांना दिसतात. पाहुण्यांच्या लॅपटॉपवर शेअरिंग कुणी चालू केलं?"

"मी."

"सगळ्यांच्या?"

"ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांच्या."

"पण का?"

"सोय व्हावी म्हणून. आन्... घर वाटावं म्हणून."

सुलेखाला हसू फुटणार होतं. तिनं त्यांच्याकडे बघून ते आवरलं, याबद्दल मी तिला मनातल्या मनात गुण दिले. मग ती जरा हळू बोलली.

"काका, ह्या खोलीतला माणूस त्या खोलीतल्याला ओळखतो का? नाही ना. मग त्यांच्या लॅपटॉपनी एकमेकांना ओळख का द्यावी? हॉटेलचं वायफाय म्हणजे बस स्टँड. तिथं आपण पिशवी मांडीवर धरून बसतो, उघडून ठेवत नाही. लॅपटॉपला तसंच सांगायचं, ही जागा परकी आहे. तो आपणहून सांभाळून राहतो."

तिनं डब्यात काही बदललं. आता प्रत्येक खोलीतून फक्त बाहेरचं इंटरनेट दिसेल, शेजारची खोली नाही. प्रिंटरही नाही. ज्याला छापायचं त्यानं काउंटरच्या ईमेलवर पाठवावं, आणि छापून झालं की त्याच्यासमोर ते पुसून टाकावं. "आता इथं कुणी कुणाला दिसणार नाही," ती म्हणाली.

"आजपर्यंत सगळ्यांना सगळे दिसत व्हते," सरदारभाई म्हणाले.

ती गेल्यावर मी विचारलं, "मोनिकाला सांगितलंत?"

"नाय."

"मग फोन लावा."

"लावतो."

"आत्ता."

त्यांनी लावला. मी समोर उभी होते. "हां, डॉक्टरसाहेब, पोचलात का नीट?... हां हां... भाकरी कडक झाली नव्हती ना?... बरं बरं, खुदा हाफिज." आणि ठेवून दिला.

मला असा संताप आला! "भाकरी विचारायला फोन लावला होता का?"

"जीभच वळंना, बाई."

"मग मी सांगते. द्या इकडे."

त्यांनी फोन छातीशी धरला. साठीला आलेला माणूस, पण खेळणं हिसकावलं जाईल म्हणून लेकरानं धरावं तसा धरला. "नको. माझ्या हातानं झालंय. माझ्या तोंडानं सांगू द्या. येतील तवा समोर सांगतो. फोनवर माणसाला आपलं तोंडबी दाखवता येत नाय."

मी म्हटलं, ठीक आहे, पण ती आली की त्याच दिवशी. नाही सांगितलंत तर मी सांगणार. ते मान डोलावून कबूल झाले. तिला ताबडतोब कळायला हवं होतं, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

तो महिना मी कधी विसरणार नाही. पाहुणे येत होते, जात होते. सरदारभाई काउंटरमागून बाहेर येईनात. किल्ली पुढे सरकवायची, खोलीचा मजला सांगायचा, संपलं. ‘घरच समजा’ बंद. बॅगेला हात लावणं बंद. जणू आपला हात दुसऱ्याच्या सामानाला लागायच्या लायकीचा राहिला नाही. गुलशनभाभीचा मला फोन आला, "आपा, ये घर में भी मेहमान जैसे बैठते हैं. पूछो तो बोलते नहीं." मी तरी काय सांगणार होते तिला?

आधी राहून गेलेल्या पाहुण्यांचे नंबर काढून मात्र ते रोज एकेकाला फोन लावत होते. तुमच्या लॅपटॉपवर मी अमुक केलं होतं, ते असं असं बंद करा, माझी चूक झाली. कुणी म्हणालं, अहो त्यात काय एवढं. कुणी हसलं. एका वकिलानं यथेच्छ शिव्या दिल्या. सरदारभाई त्या उभं राहून ऐकत होते, मध्ये मध्ये "बरोबर आहे साहेब" म्हणत. फोन खाली ठेवून मला म्हणाले, "ह्यांनी बरं केलं. बाकीच्यांनी माफ केलं ते काई खरं नाय."

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत आली. ते पडेगावला राहतात. इतकी वर्षं संध्याकाळी त्यांची स्कूटर फाटकातून निघाली की डावीकडे, छावणीच्या बाजारातून जायची. आता ती उजवीकडे वळायला लागली. उजवीकडून पडेगावला जायचं म्हणजे भलताच वळसा. मी विचारलं, तर आधी रस्ता खोदलाय म्हणाले. मी सकाळी त्याच रस्त्यानं आले होते. खोदलेला नव्हता.

"खरं सांगा."

बराच वेळ त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "सोमनाथनं ती नावं दाखवली ना, त्यात एक ओळखीचं व्हतं. रोजच्या रस्त्यातलं. रोज सलाम-दुआ करायचो आम्ही. आता कोणत्या तोंडानं समोर जायचं? बघितलं की माझ्या डोळ्यात दिसंल त्यांना, मला माहीत हाय म्हणून."

"कोण?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

सरदारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, मी पाहिलं हेच लई झालं. आता तुमालाबी दाखवू?"

कान तापले माझे. मी चहाचा कप उचलला आणि झाडाखाली जाऊन बसले.

ठरलेल्या तारखेला मोनिका आली. अंगणात बॅग ठेवली, "काय काका, आज बॅग घ्यायला नाही आलात?" असं हसत म्हणाली. सरदारभाई बाहेर आले. बॅगेला हात लावला नाही. तिला तुतीखालच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि स्वतः उभे राहिले. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा बाई. मी पळालो तर धरायला कुणी पायजे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. न थांबता, शाळेत पाठ म्हणावं तसं. त्यांनी ते महिनाभर पाठ केलं असणार. ‘घर’ कसं दाबलं, पासवर्ड कसा बंद केला, सोमनाथनं काय पाहिलं, वायर कशी उपटली, आणि ‘नेट बिघडलंय’ हे खोटं होतं, तेही.

मोनिकाचा चेहरा बदलत गेला ते बघणं कठीण होतं. थकलेली पोरगी एकदम डॉक्टर झाली.

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात तवापासून."

"किती जणांनी पाहिलं?"

"मला ठाऊक असलेला एक. त्याच्या अगुदर कुणी पाहिलं का, ते आता कळायला मार्ग नाय."

"आणि हे मला आज सांगताय?"

सरदारभाई खाली बघत राहिले, तशी तीच पुढे बोलली.

"काका, माझ्याकडे लोक का येतात माहीत आहे? इथं काय डॉक्टर नाहीत? आहेत, माझ्याहून चांगले आहेत. लोक माझ्याकडे येतात कारण मी परकी आहे. मी इथल्या कुणाच्या लग्नात जात नाही, कुणाच्या मामाला ओळखत नाही. ह्या शहरात एक तरी माणूस आपल्याला ओळखत नाही, एवढंच त्यांना हवं असतं. तेच गेलं." मग ती स्वतःवरच चिडली. "आणि लॅपटॉप उघडून तुमच्या हातात मीच दिला. एका शब्दानं विचारलं नाही काय करताय म्हणून. फोल्डर उघडं ठेवून गावोगाव फिरत होते, शहाणी!"

"तुमची चूक नाय—"

"कुणाची किती ते तुम्ही ठरवू नका." ती उठली, पुन्हा बसली. "तुम्ही काय पाहिलं?"

"नावं. त्यातलं एक ओळखीचं."

"कोणाचं?"

सरदारभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी उठून फाटकापर्यंत गेले आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभी राहिले. परत आले तेव्हा मोनिकाचा हात कपाळावर होता.

"मला सगळ्यांना सांगावं लागेल," ती म्हणाली. "एकेकाला. समोर बसवून."

"मी येतो," सरदारभाई लगेच म्हणाले. "दवाखान्याच्या जिन्यात बसतो. ज्याला बोलायचं त्यानं मला बोलावं. तुम्हाला कशाला बोलावं? ज्याला चप्पल मारायची त्यानं मारावी."

मला ते पटलं. माणसानं असंच वागावं, असं माझ्या मनात आलं. मोनिकानं मात्र शांतपणे मान हलवली.

"तुम्ही जिन्यात बसलात, तर माझ्याकडे कोण कोण येतं ते उरलेलंही तुम्हाला कळेल. नाही का?"

सरदारभाईंचं तोंड उघडं राहिलं. मग ते हळूच खाली, झाडाच्या पारावर बसले. शिक्षा घ्यायलासुद्धा त्यांना तिथं जाता येत नव्हतं. माफी मागायची ती त्या माणसांचे चेहरे न बघता, त्यांची नावं न जाणता, आपल्याच जागी बसून. मी त्यांना त्या दिवशी रडताना पाहिलं. इतकं रडावं का एखाद्यानं, असं म्हणणारा माझा स्वभाव. पण मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं.

मोनिकानं त्या दिवशी बॅग उचलली आणि ती दुसरीकडे उतरायला गेली. डबा काउंटरवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सरदारभाईंनी माझ्यापुढे नोकरी सोडण्याची गोष्ट काढली. मी ती पुरती ऐकूनही घेतली नाही. "तुम्ही गेलात की नवा माणूस येईल आणि तोही पाहुण्याची सोय करायला निघेल. त्याला हे कोण सांगणार, मी? मला त्या मशीनचं एक बटण कळत नाही. बसा काउंटरवर."

ते बसले. हळूहळू काउंटरमागून बाहेरही यायला लागले, बॅगही घ्यायला लागले. पण ते वाक्य परत आलं नाही. त्याच्या जागी दुसरं आलं. पाहुणा वायफायचा पासवर्ड मागतो तेव्हा ते चिठ्ठी देतात आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात, म्हणजे तो काय टाइप करतोय ते दिसू नये. तसंच पाठमोरं राहून सांगतात, "मशीननं इचारलं तर सार्वजनिक म्हणा. शेअरिंग बंद ठेवा. आमच्या नावासारखं दुसरं वायफाय दिसलं तर जोडू नका, आधी मला इचारा. बँकेचं काम मोबाइलच्या नेटवर केलेलं बरं." आणि शेवटी, जरा थांबून, "हे घर नाय साहेब. हॉटेल आहे."

लोकांना हे उद्धट वाटतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे तक्रार केली, की तुमचा मॅनेजर पाहुण्याला ‘हे घर नाही’ म्हणतो. मी म्हटलं, खरं तेच सांगतो. ते वाक्य म्हणताना दर वेळी सरदारभाई डोळे मिटून घेतात, ते त्या गृहस्थांना पाठीमागून दिसलं नसणार.

स्कूटर अजून उजवीकडेच वळत होती.

उन्हाळा संपता संपता, तुती पिकून अंगणभर डाग पडले होते तेव्हा, मोनिका आली. उतरायला नव्हे, दवाखान्यातून जाता जाता. सरदारभाई काउंटरमागे उभे राहिले, काय करावं ते न कळून. ती सरळ त्यांच्यासमोर गेली.

"काका, एक निरोप आहे. ज्यांचं नाव तुम्ही ओळखलंत, त्यांचा. त्यांनीच द्यायला सांगितलाय, नाहीतर मी दिला नसता."

सरदारभाईंचे हात काउंटरच्या कडेवर घट्ट झाले. शिवी ऐकायची तयारी होती ती.

"आपली फाइल दुसऱ्यांना दिसल्याचं त्यांना वाईट वाटलं. वाटणारच. पण मी सांगायच्या आधीच, महिनाभर, ते मला फोनवर एकच गोष्ट विचारत होते. रोज सलाम करणारा माणूस अचानक रस्ता बदलून का जातो? माझ्यात असं काय दिसायला लागलंय? त्यांनी स्वतःलाच दोष दिला, काका. आता तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळलंय, तरी तुम्ही त्या रस्त्यानं येत नाही. म्हणजे सगळं कळल्यावर लोक असंच करतात, हे त्यांच्या मनानं पक्कं घेतलंय. त्या फाइलीपेक्षा ह्याचं त्यांना जास्त लागलंय."

सरदारभाई म्हणाले, "मला वाटलं, माझं तोंड त्यांना दिसू नये."

"ते तुमच्यासाठी होतं. त्यांच्यासाठी नाही."

"काय म्हणायचं जाऊन?"

"काही नाही. रोज म्हणत होतात तेच."

ती थांबली नाही, चहाही घेतला नाही. जाताना तिनं एवढंच विचारलं, "गुलशनकाकू बऱ्या आहेत ना?" त्यांनी मान हलवली. पुन्हा उतरायला येईन असं ती म्हणाली नाही, आणि अजून आलेली नाही.

संध्याकाळपर्यंत मी मुद्दाम थांबले. एरवी थांबत नाही. सरदारभाईंनी किल्ल्या जागेवर लावल्या, दिवसाच्या छपाईतले उरलेले कागद फाडले, तोंड धुतलं. रुमालानं ते इतका वेळ पुसत होते की मला ओरडावंसं वाटलं. स्कूटर काढली. फाटकाशी येऊन थांबले. एक पाय जमिनीवर, इंजिन चालू. मागून आलेल्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, "चचा, जाना है कि रहना है?"

स्कूटर डावीकडे वळली.

बाजाराच्या तोंडापर्यंतचा रस्ता आमच्या फाटकातून सरळ दिसतो. ते कुठे थांबतात, कुणाच्या समोर हात कपाळाशी नेतात, ते मला उभ्या जागेवरून दिसलं असतं. मी पाठ फिरवली, खुर्ची उचलली आणि आत आले.